डाव्या डोळ्याखालची कड

४ मार्च

मायना जाणूनबुजून गाळला आहे. कोणता शब्द लिहावा हे ठरेना, आणि चुकीचा शब्द लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडणे मला नेहमीच बरे वाटत आले आहे.

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने.

तुझ्या आईंचा चेहरा संग्रहालयाच्या पडद्यासाठी घडवायचे आपण दोघांनी ठरवले, तेव्हा त्या धडधाकट होत्या आणि त्यांची पूर्ण संमती होती. कल्पना तुझी होती. त्यांच्या छायाचित्रांचे काम संपल्यावर त्या आजारी पडल्या. मग रुग्णालयात गेल्या आणि तिथून घरी आल्या नाहीत. त्या गेल्यानंतरच्या आठवड्यात दालनात पडद्याची पहिली चाचणी झाली. तू आलास, खांबापाशी थांबलास, पडद्याकडे पाहिलेस आणि मला विचारलेस, "हे तू घातलंस?" मी म्हणाले, "उद्यापर्यंत काढते." तू घरी गेलास, बॅग भरलीस आणि तुझ्या जुन्या स्टुडिओतल्या मित्राकडे, दुसऱ्या शहरात निघून गेलास. त्यानंतर इतके दिवस काही नाही. काल मोबाईलवर तुझा संदेश आला: "आईचा चेहरा पुसून टाक."

इथपर्यंतचे तुलाही मान्य असावे. यापुढचे मला समजत नाही, आणि मला न समजणाऱ्या गोष्टी मला आवडत नाहीत हे तू जाणतोस.

पुसून टाक म्हणजे नेमके काय करू? हे सारे तुला पाठ आहे, तरीही लिहिते, कारण त्या संदेशात तू ते विसरल्यासारखा वागला आहेस. चेहऱ्याची जाळी तू केलीस. मोजके बिंदू, त्यांना जोडणाऱ्या कडा, कडांमध्ये बसवलेले चौकोनी तुकडे. प्रत्येक बिंदू तू हाताने ओढून जागेवर आणलास. नुसती जाळी पाहून आई म्हणाल्या होत्या, "ही मी? ही तर पुठ्ठ्याची बाई." मग नकाशा. त्यांच्या छायाचित्रांवरून काढलेला, कातडीवरच्या प्रत्येक सुरकुतीची खोली आणि प्रत्येक उंचवटा नोंदणारा. तो सपाट पसरला की करड्या रंगाचे एक चित्र दिसते, आटलेल्या तळ्यासारखे. त्यात कोणी माणूस ओळखू येत नाही. उरलेले काम माझे. बघणारा किती जवळ उभा आहे हे छतावरचा संवेदक सांगतो. त्यानुसार ग्राफिक्स कार्ड तुझ्या जाळीचा एकेक तुकडा अधिकाधिक बारीक चिरत जाते, त्याला गोलाई देते आणि नकाशात असेल तेवढे वर उचलते किंवा खाली दाबते. दूरच्याला थोडे तुकडे पुरतात. जवळच्याला लाखो लागतात, आणि ते सारे पापणी लवायच्या आत पुन्हा नव्याने करावे लागते.

म्हणजे तू ज्याला चेहरा म्हणतोस तो कुठेही साठवलेला नाही. कोणी समोर उभे राहिले की तेवढ्यापुरता घडतो, ते वळले की मोडतो. आता सांग, जाळी पुसू, नकाशा पुसू, की माझे काम पुसू?

प्रदर्शन एप्रिलच्या अखेरीस उघडणार आहे. संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना मी अजून काही कळवलेले नाही. मोघम इच्छेवर मी कृती करत नाही. काय पुसायचे आणि का, ते स्पष्ट लिही. फोन करू नकोस. फोनवर माझे बरोबर ठरते आणि तू गप्प होतोस, आणि त्यातून आपल्या हाती कधीच काही लागलेले नाही.

तुझा हिवाळी कोट इथेच राहिला आहे. तिकडे थंडी असेल तर कळव.

२१ मार्च

पत्र मिळाले. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेल्या मजकुराला पत्र म्हणावे का, हा वाद आज बाजूला ठेवते. तुझी वाक्ये तशीच उतरवते, म्हणजे मी ती वाकडी वाचली असे तुला म्हणता येणार नाही. "तू तिला रडवलंस. लोकांना दाखवायला. आई आयुष्यात कधी रडली नव्हती. आणि हॉस्पिटलात शेवटपर्यंत मला तिच्यापाशी जाऊ दिलं नाहीस. रोज फोनवर एकच, आज नको येऊस, झोपल्यात. तुला चेहरा हवा होता, तो मिळाला."

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी ते वाचले.

त्याच संध्याकाळी तुझ्या बहिणीचा फोन आला. तिने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, त्यावरून पुढे काय येणार हे कळलेच. तू तिला सगळे सांगितले आहेस. पडद्यावर आईच्या डोळ्यातून पाणी येते, वहिनीने प्रेक्षकांसाठी ते मुद्दाम घातले आहे, असे. मी म्हणाले, असे काहीही नाही. ती म्हणाली, "वहिनी, तुझं नेहमी बरोबरच असतं गं. म्हणूनच तुझ्याशेजारी बसायला भीती वाटते." आणि मग बिचारी स्वतःच रडायला लागली, मलाच तिची समजूत काढावी लागली. समजूत काढणे मला जमत नाही. मी तिला पाणी पी म्हणून सांगितले.

तर तुला अश्रू दिसले. मला हे सुचले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. खरेच सांगते, त्या दिवशी पडद्यावर मला दोष दिसला, आणि तू दोषाबद्दल विचारतो आहेस असे समजून मी उत्तर दिले. आपण पंधरा पावलांवरून एकाच जागेकडे बघत होतो.

ते काय होते ते नीट सांगते. आपला नियम तुला आठवतो. त्याला तूच नाव ठेवले होतेस, "शेजारधर्म". दोन तुकड्यांमध्ये जी कड सामाईक असते ती किती ठिकाणी चिरायची, हे दोघांपैकी कोणीही स्वतःच्या मर्जीने ठरवायचे नाही. फक्त त्या कडेची लांबी मोजायची. दोन्ही बाजूंनी मोजली तरी लांबी तीच येते, म्हणून दोन्ही तुकडे एकाच ठिकाणी चिरले जातात आणि शिवण मिटून जाते. एका बाजूने वेगळे मोजले गेले की तुकड्यांमध्ये फट पडते आणि फटीतून मागची पार्श्वभूमी दिसते. त्या दिवशी चेहऱ्याची बाह्यरेषा तपासण्यासाठी मी मागे पांढरा रंग ठेवला होता. डाव्या डोळ्याखाली, पापणी आणि गाल यांच्या मधल्या कडेवर फट होती. तिच्यातून पांढरे चमकले. संवेदक तुझे अंतर सारखे नव्याने मोजत होता, त्यामुळे फट क्षणाक्षणाला थोडी सरकत होती. म्हणून ते ओघळल्यासारखे दिसले.

आणखी एक गोष्ट. ही मी नंतर स्वतः चालून तपासली आहे. दाराजवळून फट इतकी लहान असते की दिसत नाही. पडद्याला नाक लावून उभे राहिले तर दोन्ही बाजू इतक्या बारीक चिरल्या जातात की फट उरत नाही. ती दिसते फक्त मधल्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात खांब आहे. तू आणखी थोडा पुढे आला असतास तर तुझ्या डोळ्यांदेखत ती मिटली असती.

फट का पडली ते मला अजून सापडलेले नाही. माझ्या बाजूने मी तीनदा तपासले आहे. माझा नियम चोख आहे.

तुझ्या पत्रातली दुसरी तक्रार रुग्णालयाची. तिचे उत्तर मी देणार नाही. उत्तर आहे, पण ते द्यायला मी मोकळी नाही. "आई कधी रडली नव्हती" या वाक्याबद्दलही मी काही लिहिणार नाही.

त्याऐवजी दुसरे काही सांगते. काल मी नकाशा बंद करून बघितला. फक्त तुझी जाळी आणि माझी गोलाई. सुरकुत्या सगळ्या गेल्या, आणि पडद्यावर तिशीतली एक गुळगुळीत बाई आली. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या दारातला आईंचा जुना फोटो आहे ना, हातात कोणाचेसे उघडे घड्याळ धरलेला, अगदी ती. तुला दाखवायला म्हणून मी हाकही मारणार होते. मग मी ती लगेच बंद केली, कारण शेवटच्या दिवसांत त्यांचा चेहरा तसाच झाला होता. औषधांनी सुजून सगळ्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. तू तो चेहरा पाहिलेला नाहीस.

बघ, लिहायचे नव्हते तेही लिहून गेले. खोडत नाही; खाडाखोड केलेले पत्र मी पाठवत नाही.

कोटाबद्दल तू काही लिहिले नाहीस.

६ एप्रिल

कारण सापडले. तुझी चूक आहे.

सविस्तर लिहिते, कारण आरोप करताना पुरावा द्यावा. डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर, सामाईक कडेच्या साधारण मध्यावर, एक जादा बिंदू आहे. त्यामुळे पापणीच्या बाजूने त्या कडेचे दोन तुकडे झाले आणि गालाच्या बाजूने ती अखंडच राहिली. एका बाजूने एक लांबी मोजली जात होती, दुसऱ्या बाजूने दोन. मग फट पडणारच. जाळीत हात घालणारे आपण दोघेच, आणि मी जाळीला कधी बोट लावत नाही.

तुला नियम माहीत होता. त्याचे नाव तू ठेवलेस. जाळीत काहीही बदल केला तर आधी माझ्या तपासणीतून काढायचा, हेही आपले ठरलेले होते. तू तो बदल थेट दालनातल्या यंत्रावर करून ठेवलास. मला सांगितले नाहीस. आणि मग स्वतःच पाडलेली फट बघून तू मला, मी तुझ्या आईला

हे वाक्य मी पूर्ण करू शकले नाही, म्हणून तसेच सोडते. एवढे दिवस मी माझ्याच कामात चूक शोधत होते. मला परीक्षक म्हणून चिडवणाऱ्या आईंच्या चेहऱ्यावर मीच ओरखडा काढला, असे समजून मी रोज त्या यंत्रासमोर बसत होते. तू मात्र तिकडे मित्राच्या गच्चीवर बसून वहीची पाने फाडत होतास.

या बदलाचा खुलासा कर. लेखी.

८ एप्रिल

परवाचे पत्र पोस्टात टाकलेले नाही. याच पाकिटात घालते आहे. फाडणार होते, पण मग मी काही लपवले असे झाले असते, आणि आपल्या घरात ते पुरेसे झाले आहे.

ते लिहून झाल्यावर मी बदलाची वेळ पाहिली. ते आधीच पाहायला हवे होते. आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घर माणसांनी भरले होते, तुझी बहीण आल्यागेल्याला चहा देत होती, आणि तू "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडलास. दुपार झाली तरी आला नाहीस. मी मनात म्हटले होते, बघा, पळाला. तसे कोणाला बोलले नाही, पण म्हटले होते. तू दालनात गेला होतास.

मग तो बिंदू नीट बघितला. तू तो नुसता टाकलेला नाहीस. आत, किंचित खाली, बारीकसा ओढला आहेस. त्याने डोळ्याखाली अर्धगोल घडी पडते. पहिल्यांदा मला वाटले, हात घसरला असेल. छायाचित्रांत अशी घडी नाही. मी सगळी पुन्हा पाहिली. नकाशात नाही. मी त्यांना जितकी वर्षे पाहिले त्यातही नाही. तू माझ्याकडे घेऊन आला असतास तर मी विचारले असते, याला आधार काय? आणि काढून टाकायला लावली असती. म्हणूनच तू आणली नाहीस. हे तू लिहिले असतेस तरी चालले असते. मी रागावले असते, पण घडीबद्दल तुझे म्हणणे बरोबर होते.

खिडकीत आईंचे भिंग आहे. घड्याळे दुरुस्त करताना डोळ्यात धरायचे ते काळे, लहान. त्या गेल्यापासून ते तिथेच आहे. त्याखालची धूळ मी आजूबाजूने पुसते. काल सकाळी ते उचलले आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यात धरले. सवय नसल्याने दोनदा पडले. तिसऱ्यांदा भुवई आणि गाल आवळून धरले, तसेच धरून बसले. काढले तेव्हा आरशात डोळ्याखाली एक अर्धगोल उमटलेला होता. तू ओढला आहेस तोच.

माझा काही वेळाने मिटला. त्यांनी सारे आयुष्य ते भिंग धरले होते, तेव्हा त्यांचा मिटत नसणार. दुकान बंद केल्यावर वर्षे गेली, चेहरा सैल पडला, आणि मी या घरात आले तोवर गेला असावा. तू लहान असताना, दुकानातून घरी आल्या की तो दिसत असेल. मी असे समजते. खात्री नाही.

तर तू त्या सकाळी आईला भेटायला गेला होतास. जिला मी तुला भेटू दिले नाही असे तू म्हणतोस, तिला.

आता रुग्णालयाचे.

मी वचन दिले होते. दिलेले वचन, ज्यांना दिले त्या गेल्यावर सुटते का, यावर मी खूप विचार केला. युक्तिवाद दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. मला निर्णय करता आलेला नाही, आणि तरीही सांगते आहे. असे मी पहिल्यांदाच करते आहे.

त्या दिवशी त्यांनी नर्सकडे आरसा मागितला. मी नको म्हणत होते, त्या म्हणाल्या, "आण गं, माझंच तोंड आहे, चावणार थोडंच." त्यांनी आरसा जवळ धरला, मग लांब धरला, मान तिरकी करून पाहिले. गिऱ्हाइकाचे घड्याळ बघायच्या तसेच बघितले त्यांनी. म्हणाल्या, "हे झाकण कुणाचं बसवलंय?" नर्स हसली. मीही हसले. नर्स गेल्यावर त्यांनी आरसा पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केले. मी पाठीवर हात ठेवला, ते मला जमत नाही तरी. पाठ हलत होती. आवाज नव्हता.

मग तोंड तसेच भिंतीकडे ठेवून म्हणाल्या, "त्याला हे दाखवायचं नाही. झोपलेय म्हणून सांगायचं."

मी म्हणाले, "आई, तो रोज विचारतो. माझ्यावर चिडेल."

"चिडू दे की. पोराच्या डोळ्यात माझं तोंड आहे ना, ते असलं व्हायला नको. सूज उतरली की मीच बोलावीन." मग म्हणाल्या, "आणि मी रडले हे तर अजिबात नाही. नाहीतर तो मलाच समजावत बसेल, आणि त्याला समजावता येत नाही, आपण दोघी जाणतोच."

मी म्हणाले, मला खोटे बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "खोटं कोण बोल म्हणतंय? तोंड मिटून बस. त्यात तुझा हात कोण धरणार, परीक्षक."

सूज उतरली नाही. बाकी तुला माहीत आहे.

तू फोन केलास की मी त्यांच्या उशाशीच उभी असायची. मी "झोपल्यात" म्हणायची आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या, म्हणजे ते खरे व्हावे म्हणून. फोन ठेवला की लगेच उघडायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणाला? आवाज कसा होता?" रोज. तू काय म्हणालास ते मी जसेच्या तसे सांगायची. एकही शब्द बदलला नाही. एकदा तू म्हणाला होतास, दारातून बघून जाईन, आत येणारही नाही. ते मात्र मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्या हो म्हणाल्या असत्या, असे मला वाटते. मी कोणाचे वचन सांभाळत होते हे तेव्हापासून मला नीट सांगता येत नाही.

पण छायाचित्रे घेताना त्या जे म्हणाल्या ते तूही ऐकलेस. चहूबाजूंनी कॅमेरे, डोक्यावर दिवे, आणि मी म्हणते आहे, हलू नका. "श्वास घेऊ, की तोही उद्या?" नंतर मी नकाशा दाखवला तेव्हा, "इतक्या जवळून तर माझ्या नवऱ्यानेही पाहिलं नव्हतं मला, आणि तो बिचारा चष्मा लावून बघायचा." आणि उठताना तुला म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर मी भिंगातून लोकांची घड्याळं बघितली. आता लोक मला बघू देत." तू हसला होतास. तुझे ते हसणे माझ्या कामाच्या ध्वनिमुद्रणात राहून गेले आहे. मी ते दुसऱ्यांदा ऐकलेले नाही.

पुसायचे का, हा तुझा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे, पण त्या तुझ्या आई होत्या. पुस म्हणालास तर तिन्ही पुसेन, जाळी, नकाशा आणि माझे कामही, आणि संग्रहालयाच्या बाईंना मीच तोंड देईन. दुसऱ्या कोणाच्या हातून करवून घेणार नाही.

फट मिटवायला दोन मार्ग होते. तुझा बिंदू काढणे हा सोपा. कळ दाबली की झाले. मी तो काढलेला नाही. गालाच्या बाजूने त्याच जागी माझा एक बिंदू टाकला. जाळीला मी पहिल्यांदाच हात लावला, तुझी परवानगी न घेता. आता ती कड दोन्ही बाजूंनी दोनच तुकड्यांची आहे. मागे पांढरा रंग ठेवून, दारापासून पडद्यापर्यंत आणि परत, मी चालून पाहिले. कुठेही काही चमकत नाही. घडी मात्र दिसते. खांबापाशी आले की ती उमटते आणि चेहरा एकदम कोणीतरी वेगळा होतो, कामात गढलेला, माझ्याकडे लक्ष नसलेला. त्या बाईंना मी ओळखत नाही. मी त्यांची सून होण्याआधीच्या त्या आहेत.

आणि इथे माझे काम अडले आहे. घडी पुरेशी खोल आहे का, मला सांगता येत नाही. नाकाच्या बाजूला ती जरा जास्त लांब गेली आहे असे मला वाटते, पण ते माझे अनुमान आहे; माझ्यापाशी त्या घडीचे एकही छायाचित्र नाही, मोजमाप नाही, आणि ज्या गोष्टीला आधार नाही ती बरोबर आहे असे मी सही करून कोणाला देऊ शकत नाही. तुझ्या बहिणीला विचारले. ती म्हणाली, तिला घडी आठवतच नाही, तिला आईचे हात आठवतात.

तेव्हा ती घडी पाहिलेला एकच माणूस उरला आहे. खांबापाशी थांबू नकोस, पुढे ये. किल्ली तुझ्याकडे आहे, दालनाचीही आणि घराचीही. मी कोणतेच कुलूप बदललेले नाही. यायचेच नसेल तर निदान एवढे कळव, की नाकाच्या बाजूला ती कुठे संपत होती. पोस्टाने, तुझ्या अक्षरात, आणि या वेळी पूर्ण पानावर.